नोंद कुठे आहे? : पोलीस ठाण्याच्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस तपासाची आणि फौजदारी खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा, लागू झाली. खालील उत्तरांत 'संहिता' म्हणजे हाच कायदा समजावा.

प्रश्न : भाऊ आणि भावजय कोल्हापूरकडे ऊसतोडीला होते. मुकादमाने फडावर मारहाण केली, मोबाइल हिसकावून घेतला, तीन दिवस कोपीवरून (राहायच्या झोपडीवरून) हलू दिले नाही. गावी आल्यावर ठाण्यात गेलो तर म्हणाले, 'घटना तिकडची, तिकडेच जा.' उलट मुकादमाच्या तोंडी सांगण्यावरून भावाला फोन करून बोलावले आणि 'उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) कधी फेडतो ते लिहून दे' म्हणत रात्रीपर्यंत बसवून ठेवले. हे कायद्यात बसते का?
— एक वाचक, वडवणी तालुका, जि. बीड

उत्तर : दोन्ही गोष्टी बसत नाहीत. आधी फिर्यादीचे पाहू. संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोर आलेली माहिती ठाण्याने नोंदवलीच पाहिजे. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून कागद संबंधित ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे, फिर्यादीचे नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, बाहेर पडतात. त्यांना हद्दीचे कारण सांगून परत पाठवणे म्हणजे चारशे किलोमीटरचा प्रवास आणि बुडालेली मजुरी त्यांच्या माथी मारणे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले.

पण फिर्याद सांगताना बहुतेकांची एक चूक होते. 'मुकादमाने मारले' एवढेच सांगितले तर साधी दुखापत अदखलपात्र ठरते, आणि ठाणे अंमलदाराने एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहिली तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. तुमच्या हकिकतीत मात्र आणखी दोन गोष्टी आहेत : जबरदस्तीने हिसकावलेला मोबाइल आणि तीन दिवस अडकवून ठेवणे. हे दोन्ही दखलपात्र आहेत. कोयत्याने किंवा दुसऱ्या हत्याराने मारले असेल तर तेही दखलपात्र. म्हणून काय घडले, कोणत्या दिवशी, कशाने मारले, कुठे लागले, कोणी पाहिले, मोबाइल कोणत्या कंपनीचा, हे सगळे क्रमाने सांगा. जखमा असतील तर सरकारी दवाखान्यात तपासणी लगेच करून घ्या. वळ आठ दिवसांत दिसेनासे होतात. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. प्रतीवर दखलपात्र लिहिले आहे की अदखलपात्र, तेही तिथेच पाहा.

'आधी चौकशी करू' असे उत्तर मिळाले तर त्यालाही मर्यादा आहे. ३ वर्षे किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यातच, पोलीस उपअधीक्षकांच्या (डीवायएसपी) पूर्वपरवानगीने, १४ दिवसांत अशी प्राथमिक चौकशी करता येते. परवानगी कोणत्या तारखेची, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

तरीही नोंद झाली नाही तर हीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज त्याच कारणावरून अडकतात.

आता उचलीचे. उचल फिटली नाही एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेताना मुळातच बुडवण्याचा हेतू होता, असे दिसावे लागते. नाहीतर तो दिवाणी व्यवहार आहे आणि पोलिसांना वसुलीचा अधिकार नाही. ठाण्यात बसवून बॉण्डवर सही घेणे तर सरळसरळ वर्दीचा गैरवापर आहे. 'गरिबाचे भांडण आपसात मिटवले' असे त्याचे समर्थन कानावर येते. एका बाजूला ठाण्याची भीती उभी असेल तर ती तडजोड होत नाही. शिवाय उचल फिटेपर्यंत कामाला जुंपून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा असू शकतो. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही द्या.

फोनवरचे बोलावणे म्हणजे नोटीस नव्हे. संशयिताला कलम ३५(३) ची आणि साक्षीदाराला कलम १७९ ची लेखी नोटीस द्यावी लागते. भावाला उठून जायची मुभा नव्हती, तर ते ताब्यात घेणेच झाले. मग अटकेची कारणे, नातेवाइकांना कळवणे, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, २४ तासांत कोर्ट, हे सगळे लागू होते. 'अटक दाखवलीच नाही' ही पळवाट नाही, तोच दोष आहे.

याचा पुरावा ठाण्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्याच्या आत-बाहेर येण्याच्या वाटा, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या इथे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान १ वर्ष जपले पाहिजे. ठाण्याला आणि अधीक्षकांना आजच अर्ज द्या : अमुक तारीख, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, अमुक खोली, चित्रण जतन करावे. आधी जतन मागा, प्रत नंतर. प्रतीचा वाद चालू असताना चित्रण पुसले गेले तर हाती काही उरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बेकायदा अटक, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर यांची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही करता येते.

प्रश्न : मी पोलीस दलात नवीन आहे. छाप्यात पंच (झडतीचे साक्षीदार) नेहमीचेच असतात. पंचनामा ठाण्यात येऊन लिहिला जातो आणि जागेवर नसलेल्यांचीही नावे पथकात येतात. वरिष्ठांना नाही कसे म्हणायचे?
— पोलीस शिपाई, हिंगोली जिल्हा

उत्तर : तुम्ही हे विचारलेत याचे मोल मोठे आहे. खोटा पंचनामा कोर्टात कसा फुटतो, ते आधी पाहा. बचावाचा वकील स्टेशन डायरीतली निघण्याची वेळ, गाडीचे लॉगबुक आणि पथकातल्या मोबाइलचे टॉवर लोकेशन शेजारी शेजारी ठेवतो. मग पंचाला विचारतो, 'याआधी किती केसेसमध्ये पंच होता?' आरोपी खरा असला तरी सुटतो. कोर्टापुढे खोटा पुरावा तयार करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'साहेबांनी सांगितले' हा बचाव तिथे चालत नाही.

नकार देताना वाद घालू नका. 'साहेब, मी जागेवर नव्हतो, उलटतपासणीत टिकणार नाही' एवढे वाक्य पुरते. ते वरिष्ठांच्याही हिताचे आहे. स्वतःची निघण्याची आणि परतीची नोंद स्टेशन डायरीत खरी आणि त्याच वेळी करा. दबाव वाढला तर आदेश लेखी मागा.

आता संहितेच्या कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे आणि प्रामाणिक शिपायाला याचा आधार आहे. चित्रण दाराबाहेरून सुरू करा. तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावे मोठ्याने बोला. पंच शक्यतो त्याच वस्तीतले, त्या माणसाशी आणि पोलिसांशी संबंध नसलेले, निदान दोन. आत जाण्याआधी पथकाची आणि पंचांची झडती द्या. वस्तू जिथे सापडली तिथेच, हात लावण्याआधी, कॅमेऱ्यात आली पाहिजे. मोजणी, वजन, पाकीट बंद करणे, लाखेचे सील, पंचांच्या सहीचे लेबल हे सगळे एकाच सलग चित्रणात हवे. सर्वांत जास्त घात इथेच होतो : माल टेबलावर मांडून झाल्यावर कॅमेरा सुरू केला जातो. दुसरी चूक व्हॉट्सॲपची. व्हिडिओ तिथून पाठवला की फाइल लहान होते, तिचे हॅश मूल्य (फाइलची आकड्या-अक्षरांतली ओळख) बदलते आणि डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातल्या मूल्याशी जुळत नाही. मूळ फाइल तशीच ठेवा. चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे गेले पाहिजे. पाठवल्याची तारीख केस डायरीत आली का, तेही पाहा.

प्रश्न : आई ६६ वर्षांची आहे. शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून तिला ठाण्यात बोलावत आहेत. जावेच लागेल का?
— शिक्षिका, औसा

उत्तर : नाही. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील व्यक्ती, अपंग आणि गंभीर आजारी यांना साक्षीसाठी घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यावे. त्या स्वखुशीने जाणार असतील तर गोष्ट वेगळी. तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते. कोणी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न : चोरीची फिर्याद देऊन चार महिने झाले. तपास कुठवर आला, कोणी सांगत नाही.
— शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणे कलम १९३ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती मोबाइलवरही कळवता येते. गुन्हा क्रमांक आणि तारीख लिहून ठाणेदारांकडे अर्ज द्या, पोहोच घ्या, प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना पाठवा. मोटार किंवा स्टार्टर चोरीला गेला असेल तर खरेदीची पावती आणि यंत्रावरचा क्रमांक सोबत जोडा. क्रमांक नसेल तर माल सापडल्यावरही तो तुमचाच आहे हे ठरवणे अवघड जाते.