सापाचं बोलणं सावकाश वाच

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. मन लावून लिहिलंयस, पण घाई झाली आहे. पहिल्याच परिच्छेदात 'सैतान कपटी, हव्वा भोळी' असा निकाल देऊन टाकलास. मग पुढे वाचायचं ते काय?

बायबलमध्ये, 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, साप आणि पहिली स्त्री हव्वा यांचं बोलणं पाच वचनांत संपतं, सहाव्यात देवाने मना केलेलं फळ खाऊनही होतं. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) याच प्रसंगाला नववा सर्ग दिला, जवळजवळ बाराशे ओळींचा. सापाच्या रूपातला सैतान आधी तिची स्तुती करतो, पण ती स्तुतीने विरघळत नाही. ती विचारते, मुक्या जनावराला वाचा फुटली कशी? प्रश्न किती रास्त आहे! त्या प्रश्नाच्याच वाटेने साप तिला झाडापाशी नेतो. त्यात दुपार होत आलेली, भूक लागलेली. कुतूहल, विचार, भूक, यांतलं एकही वाईट नाही. मोह असाच येतो, आपल्यातल्या चांगल्याचं बोट धरून.

म्हणून सैतानाची भाषणं मोठ्याने वाच आणि जिथे तुला त्याचं पटलं तिथे पेन्सिलीने खूण कर. माझी खूण अजून माझ्या प्रतीत आहे. माणूस जाणता झाला तर त्यात अपराध कसला, देवाचं काय बिघडणार, असं साप विचारतो त्या ओळींपाशी. आयुष्यभर शिकवण्यात रमलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे पटणार होतं?

आता मागे जा. चौथ्या सर्गात सैतान बेडकासारखा दबा धरून झोपलेल्या हव्वेच्या कानाशी बसतो. पाचव्यात ती ते वाईट स्वप्न आदामला सांगते. तो म्हणतो, वाईट विचार मनात येऊन जातो. त्याला होकार दिला नाही तर डाग उरत नाही. ती काही बोलत नाही. दोन्ही डोळ्यांतून एकेक आसू ओघळतं, ते ती केसांनी पुसते. आणखी दोन पापणीशी थबकलेले असतात, ते पडण्याआधी तो टिपतो, ओठांनी. इथे थांब. मोह होणं आणि मोहाला बळी पडणं यांतलं अंतर मिल्टनने या चार थेंबांत दाखवलंय. तुझ्या टिपणात हा प्रसंगच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

बायबलची कथा सांगणारं 'क्रिस्तपुराण'ही काढ. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने ते मराठी ओवीत रचलं आणि १६१६ साली छापलं, म्हणजे मिल्टनच्या ५१ वर्षं आधी. तिथे श्रोते शंका काढतात, पाद्री उत्तरं देतो. कथा ऐकायला बसल्यासारखं वाच.

शेवटी मिल्टनचंच 'पॅराडाइज रिगेन्ड' (१६७१), चारच सर्ग. सैतान ख्रिस्ताला मंदिराच्या शिखरावर नेऊन ठेवतो: उभा राहा, नाहीतर उडी टाक. ख्रिस्त म्हणतो, तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस. आणि उभा राहतो. कोसळतो तो सैतान. मिल्टन तिथे एक शब्द जास्त खर्च करत नाही.

टिपण नव्याने लिही. येताना तुझी प्रत आण; खुणा कुठे पडल्या ते मला पाहायचंय.

तुझे,
सर