फुटलेले काचेचे कुंपण आणि ‘हात लावू नका’ हा सल्ला

प्रश्न: बावधन येथील आमच्या बंगल्यातील पोहण्याच्या तलावाभोवती आम्ही ३ लाख ४० हजार रुपये देऊन काचेचे कुंपण बसवून घेतले. सात महिन्यांनी, एप्रिलमधल्या एका दुपारी, आसपास कोणी नसताना एका काचेचा चुरा झाला. ठेकेदार म्हणतो, ‘कोणीतरी दगड मारला असेल, काचेची गॅरंटी नसते.’ फाटकही आपोआप बंद होत नाही. निकाल लागेपर्यंत कशालाही हात लावू नका, नाहीतर पुरावा जाईल, असे एका परिचितांनी सांगितले. काय करावे?

उत्तर: परिचितांचा हेतू चांगला असला तरी त्यांचा सल्ला पाळू नये. आपल्या पत्रात जाता जाता आलेला एक उल्लेख मला प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे माळीकाकांची चार वर्षांची नात अंगणात खेळत असते. तिच्या बाबतीत काही विपरीत घडले, तर पोलीस प्रथम जागेच्या मालकाकडे येतील. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि कुंपण ठेकेदाराच्या चुकीने फुटले हा बचाव तेथे फारसा टिकत नाही, कारण धोका आपल्याला माहीत होता आणि तो आपण स्वतःच लिहून कळवला आहे. म्हणून मोकळी जागा पत्रा किंवा जाळी लावून आजच बंद करा आणि फाटकाला कुलूप घाला.

असे केल्याने पुरावा जात नाही. तो जातो झाडूने. चुरा अजून टाकला नसेल तर गोणीत भरून ठेवा, आणि त्यातील एकमेकांना चिकटून राहिलेले मोठे तुकडे वेगळे काढा. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या, काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला, तर तो कालांतराने फुगतो आणि काच कोणताही आघात न होता फुटते. अशा वेळी फुटीच्या उगमापाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन तुकडे कधी कधी सापडतात. ते मिळाले तर ठेकेदाराच्या दगडाला उत्तर मिळाले. शिल्लक काचांच्या कोपऱ्यांत उत्पादकाचा आणि आयएसआयचा शिक्का आहे का, हेही पाहा आणि जवळून छायाचित्रे घ्या.

त्यानंतर एखाद्या त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी करून घ्या, मात्र पाहणीची तारीख व वेळ ठेकेदाराला आधी लेखी कळवून त्याला हजर राहण्याची संधी द्या. तो आला नाही तरी चालेल, बोलावल्याचा कागद हवा. काचेची जाडी, काच उभी धरणाऱ्या खालच्या स्टीलच्या खुंटांतील रबर आणि फाटकाची बिजागरी ही कोटेशनशी ताडून पाहिली जावी. कोटेशनमध्ये ३१६ दर्जाचे स्टील लिहिलेले असून खुंटांवर सात महिन्यांतच गंज दिसत असेल, तर क्लोरीनच्या पाण्यापुढे लवकर हार मानणारे ३०४ वापरले गेले असल्याची शंका घेण्यास जागा आहे. ऑस्ट्रेलियातील मानकात कुंपण किमान १२०० मिमी उंच, खालची फट १०० मिमीहून जास्त नसलेली आणि फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडून आपोआप बंद होणारे असावे लागते. ते येथे बंधनकारक नाही, पण अहवालात तुलनेला उपयोगी पडेल.

अहवाल हाती आला की स्पीड पोस्टाने वकिली नोटीस पाठवून दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. ती उलटल्यावर काम दुसऱ्याकडून करून घेऊन तो खर्च मागता येतो. नवी काच लॅमिनेटेड टफन्ड घ्यावी, कारण ती तडकली तरी मधल्या थरामुळे सहसा एकसंध राहते आणि वाट मोकळी होत नाही. बिलामागे छापलेल्या ‘गॅरंटी नाही’ या ओळीला मी फार घाबरणार नाही. ठरलेल्याहून हलका माल देण्याची मुभा तिने मिळत नाही.

तरीही त्याने दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपण ठेकेदाराला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. व्हॉट्सॲपवरील संवाद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागेल, तेव्हा तो मोबाइल बदलू नका.

आणखी एक बाब आपल्या वकिलांना आधीच सांगा: बंगला शनिवार-रविवारी भाड्याने देत असाल, तर कुंपण व्यापारी हेतूने घेतले होते, आपण ग्राहकच नाही, असा आक्षेप ठेकेदार पहिल्याच तारखेला घेईल.