अल्झायमरवर रेणूंच्या पातळीवर संशोधन करून घरातल्या पेशंटला काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण एमएस्सी झाली, आजोबांचं हे दुखणं बघून तिला याच विषयात पीएचडी करायची आहे, आणि घरचे विचारतायत की आजोबांना त्याचा उपयोग काय.

उपयोग शून्य. हे आधीच सांगून टाकते. तिचा प्रबंध बांधून येईल तेव्हा आजोबा तिला ओळखतील की नाही, कोण जाणे. कडू आहे, पण मी याच वाटेने गेले आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मात्र घरच्यांचा प्रश्न वाचून माझं डोकं फिरलं. हाच प्रश्न मला २०११ च्या पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या घरी, सगळ्या बिऱ्हाडादेखत विचारला गेला होता.

तेव्हा मी मुंबईतल्याच एका लॅबमध्ये अमायलॉइड बीटावर, म्हणजे अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यावर, काम करत होते. तो कुठून येतो हे बहिणीला ठाऊक असेलच: एपीपी नावाच्या लांबलचक प्रथिनाला दोन कात्र्या, म्हणजे कापणारी विकरं, लागतात आणि मधला तुकडा सुटतो. बहुतेक वेळा ४० अमिनो आम्लांचा, कधी कधी ४२. शेपटाला आयसोल्युसीन आणि अ‍ॅलॅनिन हे दोनच मणी जास्त, पण तेवढ्याने तो तुकडा असा चिकट होतो की एकाला एक लागून धागे बनतात. हे धागे बनायला सुरुवात कशी होते, एवढाच माझा विषय. कुपीच्या तळाशी या तुकड्याची पांढरी भुकटी यायची, चष्मा लावूनही शोधावी लागेल इतकीशी, आणि किंमत ऐकून सर दरवेळी उसासा टाकायचे. ती विरघळवायची, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये भरायची, थायोफ्लेविन टी नावाचा पिवळा रंग घालायचा आणि मशीनमध्ये ठेवून बघत बसायचं. रेणू सुटे असतात तोवर रंग मंद, धागे जमले की चमकतो. स्क्रीनवरची रेघ तासन्‌तास तळाला पडून राहते आणि मग एकाएकी चढते. आधीच्या बॅचचा एखादा धागा कुठे राहिला असेल तर विरजण लागल्यासारखं सगळं भराभर जमतं, आणि आठवडा वाया. माझी अडीच वर्षं त्या पडून राहिलेल्या रेघेत गेली.

त्या दिवशी रेघ चढत होती. फोन बॅगेत, बॅग बाहेर कपाटात. संध्याकाळी बघितलं तर काकांचे चौदा मिस्ड कॉल.

आजीला अल्झायमर होता. ती दुपारी दार उघडून निघून गेली होती. सापडली प्रार्थना समाजच्या बस स्टॉपवर. पदराच्या गाठीत दहाची नोट, पायात काकूच्या चपला, आणि येणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला विचारत होती, दादरची ट्राम गेली का? मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली, बोरीबंदर ते दादर. (दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. रोज ते नाव घेणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं.) एका कंडक्टरने तिला सांगितलं, आजी, ट्राम यायला वेळ आहे, बसा. स्टॉपमागच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून तो बस घेऊन गेला. त्या माणसाचं नावही आम्हाला कळलं नाही.

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ट्राम आठवते, हे नाटक वाटतं लोकांना. आमच्या चाळीतही वाटायचं. या आजारात टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते सहसा आधी मेंदूतल्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये होतात, तिथून हिप्पोकॅम्पसकडे सरकतात. नवी आठवण मुरवण्याचं काम नेमकं त्या भागाचं. तिशीतली ट्राम केव्हाच मुरलेली होती, सकाळचे पोहे मुरलेच नाहीत. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला एकमेव फायदा सांगते: हे कळल्यावर काकूने "अहो आई, आत्ताच तर सांगितलं" म्हणणं सोडलं. काही दिवस तरी.

काकांनी नाही सोडलं. त्या रात्री म्हणाले, "इथे आई हरवली आणि तू तिकडे मशीनमध्ये डोळे घालून बसलीस. आई बरी होणारे का त्याने?"

मी म्हटलं, "नाही. पण हे कशाने होतं ते माहीत तरी होईल."

"नुसतं माहीत करून घेऊन काय करायचंय?"

हेच काका, लक्षात घ्या, भांड्यांच्या धातूमुळे हा आजार होतो असं वर्तमानपत्रातलं एक कात्रण वाचून घरातली झाडून सगळी अ‍ॅल्युमिनियमची भांडी भंगारात देऊन बसले होते, कुकरसकट. त्या भानगडीचं मूळ १९६५ सालच्या सशांवरच्या प्रयोगांत आहे. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर सशांच्या मेंदूत गुंते दिसले. पुढे कळलं की ते गुंते वेगळ्याच प्रथिनाचे, अल्झायमरमधले नव्हेतच. म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी मशीनमध्ये डोळे घातले म्हणून कळलं. तोवर आमचा कुकर गेला होता. आणि आजीच्या विस्मरणावरच्या डोनेपेझिलच्या गोळ्या काकांनी "फरक दिसत नाही" म्हणून परस्पर बंद केल्या. ती गोळी आजार थांबवतच नाही, मेंदूत निरोप पोचवणाऱ्या, उरलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनवर थोडे दिवस जास्त गाडी ढकलते. फरक दिसणार कसा? असो.

काकांकडे मुद्दा नव्हता असं मात्र नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये सेमागासेस्टॅट या औषधाच्या चाचण्या थांबल्या, तो दिवस आमच्या लॅबमध्ये सुतकासारखा गेला. दोन कात्र्यांपैकी गॅमा सिक्रेटेज अडवायची, तुकडाच पडू द्यायचा नाही, असा सरळ हिशोब होता. पण ती कात्री शरीरात नॉचसारखी इतरही गरजेची प्रथिनं कापते. पेशंट सुधारायचे सोडून आणखी बिघडले. पुढे २०२४ मध्ये तर या क्षेत्रातला २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांमधल्या फेरफारामुळे मागे घ्यावा लागला. सगळं अमायलॉइड संशोधन त्यावर उभं नव्हतं, पण मान खाली जायची ती गेलीच.

आणि तरीही. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी अमायलॉइड बीटाचा हा तुकडा वेगळा काढून त्याची रचना वाचायला घेतली नसती तर लेकॅनेमॅब हे अमायलॉइड हटवणारं औषध आलं नसतं. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला छान वाटतं, पण आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, ०.४५. तेही अगदी सुरुवातीच्या पेशंटमध्ये, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. ती रचना वाचण्यापासून या ०.४५ पर्यंत ३९ वर्षं. तुमच्या घरच्यांना हा हिशोब तोट्याचा वाटत असेल तर वाटू दे. मला वाटत नाही.

बहिणीबद्दल एवढंच म्हणेन: आजोबांसाठी म्हणून करू नये. विषय आवडत असेल तर करावी. आजोबांचं देणं म्हणून लॅबमध्ये गेली तर प्रत्येक फसलेला प्रयोग तिला आजोबांशी केलेली दगाबाजी वाटेल. टाऊवर काम मिळालं तर आधी ते बघावं, असं माझं मत. फेलोशिप वेळेवर येत नाही, हे गृहीत धरावं.

आता हे शेवटी सांगतेय, आधी सांगायला हवं होतं: मी डॉक्टर नाही, आणि पीएचडीनंतर या क्षेत्रातही राहिले नाही. दुसरं म्हणजे, आजीला आंघोळ घालणं, रात्री चार-चारदा उठणं, हे सगळं सहा वर्षं काका-काकूंनी केलं. मी रविवारी जायचे. जेवून यायचे.

काका आता चौऱ्याहत्तरचे आहेत. मागच्या महिन्यात फोन आला, तो एपीओई चार का काय तो जनुक, त्याची तपासणी कुठे होते? मी समजावलं की तो असला तरी आजार होईलच असं नाही, नसला तरी होणारच नाही असंही नाही, कशाला पैसे घालवता. नुसतं माहीत करून घेऊन करणार काय?

"तू तेव्हा काय म्हणालीस?" काका म्हणाले. मी विषय बदलला. लॅबचा पत्ता अजून पाठवलेला नाही.

ता. क. आजोबांच्या सदऱ्याच्या आत, कॉलरखाली, फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवून घ्या. खिशातली चिठ्ठी ते काढून टाकतात.