सार्वजनिक नव्हे, सामाईक. आणि वस्तू वसते कुठे?

प्रश्न असा आला आहे: अँड्रॉइड ॲप लिहायला शिकवताना एकच ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेला घटक) अनेक मेथडना (कोडमधल्या नाव दिलेल्या कामांना) वापरता यावा अशी सोय करतात. त्याला मराठीत 'सार्वजनिक वस्तू' म्हणावे की 'वाटलेली वस्तू'? आणि मुळात ऑब्जेक्टला 'वस्तू' म्हटलेले चालेल का?

दोन्ही नावे चूक. 'सार्वजनिक' तर शिकवणीच्या इतक्या व्हिडिओंत कानावर येते की हल्ली मी आवाज बंद करून नुसता कोड बघतो. मेथडच्या बाहेर पण क्लासच्या (ऑब्जेक्ट ज्यावरून घडतात त्या साच्याच्या) आत लिहिलेले व्हेरिएबल, म्हणजे ऑब्जेक्ट ज्या नावाने हाताळतात ते नाव, त्या क्लासच्या मेथडना दिसते. त्यावर 'प्रायव्हेट' लिहिले तरी दिसते, आणि बहुतेक वेळा ते लिहावेच. बाहेरच्यांना जे बंद आहे ते सार्वजनिक कसे? यासाठीचा शब्द सातबाऱ्यावर कधीचा पडून आहे: सामाईक. सामाईक विहिरीवर भावाभावांचा हक्क असतो, गावाचा नसतो. (सामाईक की सामायिक यावर भांडणाऱ्यांनी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची पाटी वाचावी आणि मला सोडावे.)

'वाटलेली' त्याहून वाईट. शेअर दिसले की 'वाटणे' लिहायचे, ही भाषांतरकारांची जुनी खोड. अहो, मराठीत वाटणी झाली की सामाईकपणा संपतो! वाटणे आले संस्कृत 'वण्ट्'वरून, म्हणजे तुकडे करणे. इंग्रजी शेअरच्याही पोटात कापणेच आहे, पण ती भाषा एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवते. आपल्याला तशी गरज नाही.

हा फरक कोडमध्ये लगेच बाधतो. शिकाऊ मुलगा ऑनक्रिएटमध्ये, म्हणजे पडदा उभा राहताना चालणाऱ्या मेथडमध्ये, मीडियाप्लेअर (गाणे वाजवणारा ऑब्जेक्ट) तयार करतो. मेथडच्या आत दिलेले नाव बाहेर दिसत नाही. थांबवायच्या बटणाच्या मेथडमध्ये ते नाव लिहिले की जावा भाषेचा कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) 'कॅनॉट फाइंड सिंबल', म्हणजे हे नाव सापडत नाही, म्हणून ओरडतो. मुलगा तिथे दुसरा मीडियाप्लेअर बनवतो, ओरड थांबते. गाणे मात्र थांबत नाही, कारण बटण दुसऱ्याच प्लेअरशी बोलत असते. वाटून दिले की असे होते.

आता वस्तू. चालेल काय, याहून नेमका शब्द मिळायचा नाही. इंग्रजी ऑब्जेक्ट लॅटिनमधून आला, अर्थ 'समोर टाकलेले'. टाकलेले कुठे, राहते कुठे, याचा पत्ता नाही. आपली वस्तू 'वस्' धातूची, राहणे या अर्थाच्या. वसणे, वस्ती, वसतिगृह, निवास ही सगळी त्याच घरातली, आणि सख्खी बहीण म्हणजे वास्तू. (वस्त्र यात ओढू नये. तो पांघरण्याचा 'वस्', धातुपाठात निराळा दिला आहे.) वस्तू म्हणजे जी कुठेतरी वसते ती, आणि वास्तू म्हणजे वसण्याची जागा. ऑब्जेक्ट-पद्धतीच्या प्रोग्रामिंगमधला निम्मा गोंधळ या जोडीने सुटतो, असे माझे ठाम मत आहे. कोणाला ते अति वाटले तर वाटो.

पाहा ना, 'लोकल ऑब्जेक्ट' (मेथडपुरता ऑब्जेक्ट) हा शब्द सर्रास चालतो. जावात लोकल असते ते नाव. कोडमध्ये 'न्यू' लिहिले की वस्तू हीपमध्ये (वस्तू ठेवायच्या मेमरीच्या साठ्यात) तयार होते आणि मेथडमधल्या नावाकडे फक्त तिचा पत्ता असतो. मेथड संपली की नाव जाते, वस्तू लगेच जातेच असे नाही. मात्र तिचा पत्ता कोणाकडेच उरला नाही तर गार्बेज कलेक्टर (बिनवापराची मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) तिला कधीतरी उचलतो. मेथडच्या आतच नाव दिलेल्या मीडियाप्लेअरचे गाणे कधीकधी मध्येच गप्प होते, ते यामुळे. पत्ता मेथडबाहेरच्या, क्लासच्या आतल्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की त्या क्लासची वस्तू जिवंत असेतो तोही टिकतो. म्हणजे एक वस्तू दुसरीची वास्तू होते!

संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हे नाव रूढ केले आणि 1998 मध्ये 'ऑब्जेक्ट' शब्दाबद्दल खंतही व्यक्त केली: लोक वस्तूंकडेच बघत बसले, खरी गोष्ट त्यांच्यातले निरोप होती. विद्वान माणूस, पण निरोप पोचवायला आधी पत्ता लागतो, हे ते का विसरले कळत नाही. वरचे बटण निरोप बिनचूक देत होते, चुकला होता पत्ता.

'मग सरळ स्टॅटिक करून टाका' म्हणणारेही आहेत. स्टॅटिक व्हेरिएबल अख्ख्या क्लासचे होऊन बसते, एका वस्तूचे राहत नाही. त्यात ॲक्टिव्हिटीचा (ॲपचा एक पडदा सांभाळणाऱ्या वस्तूचा) पत्ता अडकला की पडदा बंद झाला तरी ती मेमरी सुटत नाही. उलट टोकही सांगतो. फोन आडवा केला की अँड्रॉइड एरवी ॲक्टिव्हिटी मोडून नवी उभारतो, तिच्या व्हेरिएबलमधले पत्तेही तिच्याबरोबर जातात. आकडे, याद्या असला जो ऐवज त्यातून टिकायला हवा, तो व्ह्यूमॉडेलमध्ये (पडदा असा नव्याने उभारला तरी टिकणाऱ्या वस्तूमध्ये) वसवतात. मीडियाप्लेअरला मात्र ऑनडिस्ट्रॉयमध्ये, म्हणजे पडदा मोडताना चालणाऱ्या मेथडमध्ये, आठवणीने 'रिलीज' (आता सोड) म्हणावे लागते, नाहीतर फोन आडवा केल्यावर दोन गाणी एकावर एक ऐकू येतील.