गोव्यातील जत्रा आणि मराठी नाट्यप्रयोगांची माहिती देणारे संकेतस्थळ केवळ जाहिरातींवर चालेल का?

चालू शकते, पण केवळ गूगल अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्यांच्या पैशांतला वाटा देणाऱ्या गूगलच्या सेवेवर, विसंबून नाही. आपल्या संकेतस्थळाला हजार पृष्ठदर्शनांमागे ४० रुपये मिळतात असे गृहीत धरले, तर महिन्याला ५०,००० पृष्ठदर्शने होऊनही हाती २,००० रुपयेच येतात, आणि अ‍ॅडसेन्स सर्वसाधारणपणे खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, त्यामुळे पहिली रक्कम येईपर्यंत चार-पाच महिने सहज जातात. तेवढ्या काळाचा होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याचा, खर्च आधीच बाजूला ठेवावा.

खरा आधार स्थानिक जाहिरातदारांचा आहे, असे माझे ठाम मत आहे. चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचे) सामान, मखर, भटजी, घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवणारे वादक यांचा शोध सुरू होतो. फोंड्यातील एखाद्या मंडप-डेकोरेशनवाल्याला त्याच तालुक्यातील जत्रांच्या पानावर वर्षभराची जागा ठरावीक दराने द्यावी, आणि त्याला दर महिन्याला पान किती जणांनी पाहिले व किती जणांनी त्याच्या फोन क्रमांकावर बोट टेकवले, हे छापून दाखवावे. आपल्याकडचा व्यापारी हिशेब पाहूनच पुन्हा पैसे देतो. जत्रेची तारीख शोधणाऱ्या वाचकाला मात्र ती सर्वांत वर, जाहिरातीआधी दिसलीच पाहिजे, कारण अर्धा पडदा व्यापणाऱ्या जाहिरातीमुळे तो निघून गेला, तर विकायला काहीच उरत नाही.

स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः किंवा मित्रांकरवी कधीही क्लिक करू नये. त्यामुळे खाते कायमचे बंद होऊ शकते.