आईच्या नावावर गावात होमस्टे काढायचा आहे. कर्ज, सोलर आणि ऑनलाइन बुकिंगसाठी काही सरकारी मदत मिळते का?

मिळते, पण कर्जासाठी हातात रोख अनुदान म्हणून नाही, कर्जाच्या व्याजाचा परतावा म्हणून. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ महिला पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज (१२ टक्क्यांच्या मर्यादेत) पर्यटन संचालनालय परत देतं. एकूण ४.५ लाख रुपये किंवा ७ वर्षं, जे आधी होईल तिथपर्यंत. व्यवसाय आईच्याच मालकीचा हवा, निम्मा कर्मचारीवर्ग बायकांचा हवा आणि संचालनालयाकडे नोंदणी हवी. व्याज आधी स्वतः भरायचं, परतावा नंतर. त्यामुळे हप्ता चुकवून चालत नाही.

सोलरसाठी वेगळी योजना आहे, पीएम सूर्यघर: ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, मात्र फक्त घरगुती वीजजोडणीवर. मीटर व्यावसायिक असेल तर विसरा.

बुकिंगसाठी सुरुवातीला वेबसाइटवर पैसे घालू नका. गूगल मॅप्सवर फुकट नोंद, खोलीचे आणि न्हाणीघराचे (हो, लोक तेच आधी बघतात) खरे फोटो, व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआयवर थोडी आगाऊ रक्कम. फक्त क्यूआर कोड आईच्या खात्याचा ठेवा, भावाच्या नको.