हरभरा, तूरडाळ आणि जेईई

भाऊ, पाचोऱ्याहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगं दहावीत, बुद्धिबळात जिल्ह्यात पहिलं, ऑथेल्लो आणि गो या पटावरच्या खेळांत ऑनलाइन भल्याभल्यांना पाणी पाजतं, पण गणितात 68, म्हणून तुम्ही पट कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि त्याला जळगावला जेईई फाउंडेशनला टाकलं. तर त्याने कागदावर 64 घरं आखून हरभरे आणि तूरडाळ घेऊन ऑथेल्लो मांडला, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय! अहो ऑथेल्लोत सोंगटी पालथी केली की रंग बदलतो, डाळ पालथी करून थोडीच बदलते, म्हणजे दर चालीला एकेक दाणा उचलून तिथे दुसरा ठेवत बसला असणार तो. आणि तुम्ही म्हणता एका जागी बसत नाही.

मला 68 ची काळजी नाही वाटली. "चार लोकांत काय सांगू" हे पत्रात तीनदा आलंय, त्याची वाटली.

दुसरं, एवढे डाव लक्षात राहतात मग फॉर्म्युले का नाही, मुद्दाम करतो, हे डोक्यातून काढा. 1973 मधे चेस आणि सायमन (हो, आडनावच चेस) या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंना पट 5 सेकंद दाखवून परत मांडायला लावला. खऱ्या डावातला असला तर मास्टर पुष्कळ पुढे, मोहरी वाटेल तशी विस्कटून ठेवली की तो जवळपास नवशिक्यासारखाच. म्हणजे ती स्मरणशक्ती त्या खेळापुरती कमावलेली असते. गणिताचा सराव वेगळा करावा लागतो, तो रोज तासभर करू दे की, पट बाहेर ठेवून.

सगळे खेळ खेळतो म्हणून "एक ना धड" असंही नाही. डेमिस हसाबिस 13 व्या वर्षी बुद्धिबळात मास्टर, पुढे लंडनच्या माइंड स्पोर्ट्स ऑलिंपियाडमधे बऱ्याच खेळांचं मिळून असलेलं पेंटामाइंड 5 वेळा जिंकला, मग त्याच्याच कंपनीच्या अल्फागो या कॉम्प्युटर प्रोग्रामने 2016 ला गो मधे दिग्गज खेळाडू ली सेडोलला 4-1 हरवलं, 2024 ला केमिस्ट्रीचं नोबेल. तुमचा मुलगा हसाबिस होईल असं मी म्हणत नाहीये, आणि नुसत्या बुद्धिबळावर पोट भरणारे फार थोडे असतात हेही खरंय.

जेईई, सीईटी, सरकारी नोकरीतला खेळाडूंचा 5 टक्के कोटा, हे सगळं दहावीनंतर बघू. सध्या फाउंडेशन बंद करा आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही वाचायचं नाही. त्या कागदावरचा डाव हरभऱ्याने जिंकला की तुरीने, तेही लिहायला सांगा.